बोटं उचलल्यावरही

भाऊजींचा धंदा टायर विकण्याचा. पण घरात आणि गल्लीत त्यांना सगळे 'इंजिनियर' म्हणतात. म्हणणारे निम्मे कौतुकाने म्हणतात, निम्मे दुसऱ्याच कारणाने; भाऊजी दोन्ही जमेच्या बाजूला धरतात. घरातलं काहीही बिघडलं की त्यांचा चेहरा उजळतो आणि बाकीच्यांचा पडतो.

त्या दिवशी वहिनींचा लॅपटॉप बिघडला. रात्रीतून त्याने स्वतःच स्वतःला अपडेट केलं होतं, आणि सकाळी बघतात तर टचपॅडवर दोन बोटं फिरवून पान खाली सरकेना. बाण हलायचा, टिचकी लागायची, फक्त स्क्रोल मेलं होतं. वहिनींनी लॅपटॉप बंद करून चालू केला, टचपॅड मऊ फडक्याने पुसलं, सेटिंगमध्ये जाऊन दोन बोटांची खूण काढून पुन्हा लावली. काही नाही. हे सगळं मुकाट्याने करत होत्या, पण शेजारच्या खोलीत दाढी करणाऱ्या भाऊजींना बिघाडाचा वास येतो.

"वहिनी, ड्रायव्हर गेला तुमचा," ते अर्ध्या फेसाने येऊन म्हणाले.

"कुठे गेला?"

"म्हणजे मधला दुभाषी हो. तुमची बोटं काय म्हणतात ते लॅपटॉपला सांगणारा. अपडेटनं त्याला हाकललं. आपण जुना आणून बसवू."

"माझा दुपारचा तक्ता आहे, भाऊजी. काही भलतं करू नका."

"मी भलतं कधी केलंय?"

हॉलमधल्या पलंगावर, पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेल्या भाऊजींच्या आईंनी तेवढ्यात खोकला काढला. तो खोकला सर्दीचा नव्हता.

वहिनी एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ. कोणत्या खाटेवरच्या रुग्णाला काय खायला जायचं, हे रोज ठरवून एका तक्त्यात भरायचं. प्रत्येक खाटेसमोर एक चौकट. टिचकी मारली की यादी उघडते: नेहमीचं, उपाशी, मऊ, पातळ, साखरेविना, मिठाविना. मजल्यावरच्या परिचारिका फोनवर सांगतात, वहिनी निवडतात, रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात त्यावरून ताटांना लावायच्या चिठ्ठ्या छापल्या जातात. आईंचा पाय मोडल्यापासून हे काम घरून करायची परवानगी मिळाली होती. ती मिळवायला वहिनींना किती जणांसमोर हसावं लागलं, तो हिशेब त्यांनी कुणाला दाखवला नाही.

तक्ता स्वतःहून जतन होत असे. मागे एकदा वीज जाऊन सगळं भरलेलं उडालं होतं, तेव्हा वहिनींनीच भांडून ही सोय करून घेतली होती. चौकटीत काही बदललं की त्याच क्षणी ते स्वयंपाकघराच्या पडद्यावर बदलायचं. विचारणं नाही, आवाज नाही.

भाऊजींनी ड्रायव्हर शोधला तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर नाही. तिथे म्हणे फार वाचावं लागतं. त्यांनी तो शोधला अशा एका पानावर, जिथे 'डाउनलोड' लिहिलेली बटणं इतकी होती की खरं कुठलं हे बनवणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. दोन-तीन खोटी बटणं दाबून झाल्यावर एक खरं लागलं. मॉडेलचा नंबर शेवटच्या अक्षरात जरा वेगळा होता.

"चुलतभाऊच आहे तुमच्या मॉडेलचा," भाऊजी म्हणाले, "घरातलाच."

लॅपटॉप बंद होऊन चालू झाला आणि स्क्रोल जिवंत झालं. नुसतं जिवंत नाही, तेल घातल्यासारखं. बोटं हलकेच फिरवली की पान सर्रकन जायचं, आणि बोटं उचलल्यावरही थोडं पुढे जाऊन मग थांबायचं.

"बघा! कंपनीनं दिलं नव्हतं एवढं गुळगुळीत."

"छान आहे हो," वहिनी म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या. भाऊजी दुकानात गेले, जाताना दोन शेजाऱ्यांना सांगून.

दुपारी वहिनींनी तक्ता भरला. पहिला मजला, दुसरा, तिसरा. पान असं छान सरकत होतं की नेहमीपेक्षा काम लवकर झालं. चौथ्या मजल्यावर शस्त्रक्रियेचे रुग्ण. तिथली परिचारिका बोलायला तुटक, पण एका खाटेपाशी तिने शब्द दोनदा उच्चारला: "खिडकीकडचे मास्तर. उपाशी. संध्याकाळी त्यांचं ऑपरेशन. उपाशी हं मॅडम." मास्तर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. वहिनींनी 'उपाशी' निवडलं, दोन बोटांनी पान खाली घेतलं, पुढे गेल्या.

सगळं भरून झालं. वहिनींनी आईंना पाणी दिलं, उशी नीट केली, पुन्हा येऊन बसल्या आणि सहज, हे नवं स्क्रोल किती सुरेख आहे ते बघावं म्हणून पान वर-खाली केलं.

चौथ्या मजल्याची एक चौकट त्यांच्या डोळ्यांसमोर बदलली.

बोटं टचपॅडवर नव्हती. उचललेली होती. पान थांबलं होतं, पण सरकण्याचा उरलेला झटका पानाऐवजी त्या चौकटीत शिरला आणि 'पातळ'चं 'साखरेविना' झालं. कुणीतरी अदृश्य बोटाने यादी एक पायरी खाली ओढावी तसं.

वहिनींनी ती चौकट पुन्हा 'पातळ' केली आणि घाईने वर मास्तरांची खाट बघायला गेल्या. पान निसटून थेट पहिल्या मजल्यावर गेलं. खाली आणलं तर तळाशी जाऊन आपटलं. तिसऱ्या वेळी खिडकीकडची खाट नजरेसमोरून गेली. चौकटीत 'मऊ' लिहिलं होतं.

'मऊ'.

हे आत्ता बदललं, की मघाशी भरतानाच बदललं होतं? चिठ्ठ्या छापल्या त्या आधी, की नंतर? आणि मास्तर दिसले म्हणून कळलं. बाकीच्या खाटांचं काय? जिथे जिथे त्या यादीतून निवडून पुढे सरकल्या होत्या, तिथे तिथे मागे वळून बघितलं नव्हतं. कोण बघतं? आपण लिहिलेलं आपल्या पाठीमागे बदलत असेल असं कुणाच्या मनात येतं?

त्यांनी दोन्ही हात टचपॅडवरून उचलून मांडीखाली दाबून धरले. दुरुस्त करायला खाली जायचं तर स्क्रोल करायला हवं, आणि स्क्रोल केलं की आणखी कुणाचं तरी ताट बदलेल. कळफलकावरचा खाली जायचा बाण दाबावा, तर तोही निवडलेली चौकटच फिरवतो, हे त्यांना माहीत होतं. पडदा उघडा होता, तक्ता जिवंत होता, आणि त्याला हात लावायची सोय उरली नव्हती.

त्यांनी भाऊजींना फोन लावला. दुकान कोपऱ्यावरच; भाऊजी हाताला काळं लागलेलं तसंच घेऊन आले.

"हात धुवा आधी."

"वहिनी, वेळ आहे का हात धुवायला? तुमचा आवाज कसा आला फोनवर!" ते लॅपटॉपसमोर बसले. "हं. बोटं उचलल्यावर पुढे वाहत जातं ना, त्याचं एक बटण असतं. ते बंद केलं की झालं."

बटण होतं. टचपॅडच्या सेटिंगची खिडकी उघडली, त्यात एकाखाली एक खुणा होत्या, आणि हवी ती खूण खिडकीच्या कडेखाली दडली होती. तिथे पोचायला स्क्रोल करायला लागत होतं. भाऊजींनी केलं. खिडकी सर्रकन खाली गेली, वर आली, आणि जाता जाता तिने बाणाचा वेग बदलून टाकला. आता बाण माशीसारखा पळायला लागला.

"अहो, काय करताय!"

"मी नाही करत! तोच करतोय!"

"तोच म्हणजे कोण?"

भाऊजींनी टेबलाचा खण ओढून आत शोधलं.

"माउस आहे का घरात?"

"तुम्हीच नेलात दुकानात."

"तो तर बिघडला." भाऊजींच्या कपाळावर आता काळी बोटं उमटली होती. "थांबा. हा ड्रायव्हर काढूनच टाकतो. मागचा परत. मग जुनं तर जुनं, मेलेलं तर मेलेलं."

त्यांनी माशीच्या मागे लागून कसाबसा तो पर्याय गाठला, दाबला. लॅपटॉप म्हणाला, पुन्हा सुरू व्हावं लागेल. भाऊजींनी 'हो' म्हटलं. पडदा काळा झाला, मग निळा, आणि त्यावर शांतपणे अक्षरं उमटली: अपडेट सुरू आहे, यंत्र बंद करू नका.

खाली एक गोल फिरत राहिला.

"किती वेळ?" वहिनींनी विचारलं.

"होईल आता."

"भाऊजी, किती वेळ?"

"मला नाही माहीत हो, वहिनी."

पलंगावरून आई म्हणाल्या, "काय झालंय ते मला कुणी सांगणार आहे का? तुम्ही दोघं मेल्यासारखे दिसताय."

वहिनींनी सांगितलं. आई ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांचा खोडसाळपणा चेहऱ्यावरून उतरत गेला.

"माझ्या पायाच्या वेळी पाण्याचा थेंब देत नव्हते," त्या म्हणाल्या. "मी किती शिव्या घातल्या त्या पोरीला. खाल्लं तर काय होतं गं?"

"भूल दिल्यावर पोटातलं वर येतं. माणूस शुद्धीत नसतो, ठसकता येत नाही. ते छातीत उतरतं."

"आणि?"

वहिनींनी फोनकडे पाहिलं.

"फोन कर मग. बसलीस काय?"

"तिथे 'सरकार' आहेत, आई. तोंडी बदल घेतच नाहीत त्या. आणि कळलं, की घरून भरलेल्या तक्त्यात असा घोळ झाला, तर घरून काम त्याच क्षणी बंद. तुम्हाला उठवणार कोण, बसवणार कोण?"

"मी भिंतीला धरून बसेन. तो मास्तर कशाला धरणार आहे?"

'सरकार' म्हणजे रुग्णालयाच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख. समोर त्यांना 'ताई' म्हणतात, मागे 'सरकार', आणि त्यांना दोन्ही ठाऊक आहे. उंच, कोरड्या, टोपीतून केसाची एक बट बाहेर येऊ न देणाऱ्या. कधी काळी कुणीतरी फोनवर सांगितलेला बदल नंतर 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणून अंगावर उलटला होता. तेव्हापासून त्यांचा एकच कायदा: तक्त्यात असेल ते ताटात, तक्त्यात नाही ते जगात नाही. मोठे मोठे डॉक्टर खाली येऊन या कायद्यापुढे चरफडून परत गेले होते.

वहिनींनी फोन लावला. वाजला, वाजला. भांडी घासणाऱ्या बाईने उचलला आणि 'ताईंना बोलावते' म्हणून तसाच ओट्यावर ठेवला. नळाचा आवाज, झाकणांचा आवाज, कुणाचं तरी हसणं. वहिनींना वाटलं, ही झाकणं माझ्याच ताटांची वाजताहेत.

"बोला."

"ताई, मी आहार विभागातून. चौथ्या मजल्याची गाडी निघाली का?"

"केव्हाच. का?"

"खिडकीकडच्या मास्तरांचं... ते उपाशी आहेत. चिठ्ठीवर 'मऊ' गेलंय बहुतेक."

"तक्त्यात 'मऊ' होतं. मी स्वतः चिठ्ठ्या तपासते. तुम्हाला माहितीये, मी तोंडी बदल घेत नाही."

"बदल नाही म्हणत मी. तक्ताच खोटा आहे. सगळा. माझं टचपॅड बिघडलंय, चौकटी आपोआप फिरल्यात, कुठल्या ते मला माहीत नाही. एकाही ताटावर विश्वास ठेवू नका. गाडी थांबवा, ताई. चूक माझी, मी लिहून देईन, हवं तिथे सही करेन, पण आधी थांबवा."

भाऊजी भिंतीला टेकून उभे होते, ते पुटपुटले, "माझं नाव सांगा." वहिनींनी हातानेच त्यांना गप्प केलं.

"फोन बंद करू नका," सरकार म्हणाल्या. आणि मग ज्या बाईला कुणी जिन्यावर घाई करताना पाहिलं नव्हतं, तिच्या पळण्याचा आवाज फोनमधून येऊ लागला. बाकीच्या मजल्यांना गाड्या परत आणायचं ती ओरडून सांगत होती. दार आपटलं. धाप. पुन्हा दार.

वहिनी उभ्याच होत्या. आईंनी पलंगावरून हात लांबवून त्यांच्या साडीचं टोक धरलं होतं, आणि दोघींनाही ते कळत नव्हतं.

"ताट रिकामं आहे," सरकारांचा आवाज आला. "वाटी पुसून काढल्यासारखी. पण मास्तर म्हणतात त्यांनी खाल्लं नाही. त्यांची बायको म्हणते, तिनं खाल्लं."

"खरं वाटतं तुम्हाला?"

"बाईच्या हातात पिशवी आहे, पिशवीत तिचा डबा आहे, डबा भरलेला आहे. तुम्हीच ठरवा." सरकार आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला ते सांगणार नाहीत. मी रागावलेली दिसते. थोड्या वेळात न्यायला येतील त्यांना. बोला तुम्ही."

"मी?"

"तक्ता कुणाचा आहे?"

फोन हातातून हातात गेला. एक खरखरीत, फार सभ्य आवाज म्हणाला, "नमस्कार. काहीतरी गैरसमज झालाय. मी सकाळपासून काही घेतलेलं नाही."

वहिनींनी फोन दोन्ही हातांनी धरला. "मास्तर, मी ताटांच्या चिठ्ठ्या लिहिते. तुमच्या ताटावर चुकीची चिठ्ठी आली, ती माझी चूक. तुमची नाही. तुम्हाला ताट दिलं म्हणजे खायचंच, असंच कुणालाही वाटेल."

"पण मी नाही खाल्लं."

"ऑपरेशन पुढे जाईल म्हणून म्हणताय का?"

मागे एक बाई हळू आवाजात म्हणत होती, सांगू नका, सांगू नका, किती दिवसांनी तारीख मिळालीय.

"काकू जवळ आहेत ना? त्यांनाही ऐकू द्या," वहिनी म्हणाल्या. "पोटात अन्न असताना भूल दिली तर ते श्वासात जातं. जीव जातो, मास्तर. मी घाबरवायला म्हणत नाही. मीच इतकी घाबरलेय की मला उभं राहवत नाही. नुसतं 'हो' म्हणा. डॉक्टर तुम्हाला रागावणार नाहीत, मला रागावतील."

पलीकडे पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सूप होतं," मास्तर म्हणाले. "आणि बटाटा कुस्करलेला. गरम होतं हो. मला वाटलं, डॉक्टरांना दया आली."

"सगळं?"

"वाटी चाटली मी. लाज वाटते सांगायला. या वयात."

मागे बाई रडायला लागली. वहिनी आईंच्या पलंगाच्या कडेवर बसल्या, प्लास्टरवर बसता बसता वाचल्या.

"आता काय?" मास्तरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आता सभ्यपणापेक्षा भीती जास्त होती. मघापासून ती बहुधा तिथेच होती. "आज नाही ना करणार?"

"आज नाही करणार. करू नये."

"मग परत उपाशी राहायचं."

"हो."

"मी मनाची तयारी केली होती. तुम्हाला कल्पना नाही. पहाटेपासून केली होती. ती परत कुठून आणू?" ते थांबले. "उद्या चिठ्ठी कोण लिहिणार आहे?"

वहिनींनी आईंकडे पाहिलं. आईंनी साडीचं टोक सोडलं आणि भिंतीवर हात टेकवून दाखवला.

"मीच. तिथे येऊन."

"त्या यंत्रावर?"

"नाही. तुमच्या खाटेशी उभी राहून, पेनानं. आणि तुम्हाला वाचायला देईन."

"माझा चष्मा घरी राहिलाय," मास्तर म्हणाले, "पण द्या. ही वाचेल."

फोन पुन्हा सरकारांकडे गेला. त्यांनी परिचारिकेला हाक मारली, डॉक्टरांना निरोप पाठवला; ते सगळं वहिनींना ऐकू आलं. मग त्या फोनवर येऊन म्हणाल्या, "घरून काम संपलं तुमचं. मला वर कळवावं लागेल."

"कळवा."

"रडताय का?"

"नाही."

"मग रडणं नंतर ठेवा. मास्तर एक झाले. बाकीच्या गाड्या जिन्यापाशी उभ्या आहेत, अन्न निवतंय, आणि या मजल्यावर अजून दोघं ऑपरेशनचे आहेत. मी खाटेवरची पाटी वाचते, तुम्ही परिचारिकेनं काय सांगितलं होतं ते सांगा. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा. अंदाज करू नका."

निळ्या पडद्यावर गोल अजून फिरतच होता. भाऊजींनी तो लॅपटॉप हलकेच उचलला, आतल्या खोलीत नेला आणि दार ओढून घेतलं. वहिनींनी डोळे मिटले, म्हणजे दुपारचे आवाज आठवतील.

"दाराशेजारची खाट," सरकार म्हणाल्या.

"पातळ. नाही, थांबा." वहिनींनी डोळे आणखी घट्ट मिटले. "आठवत नाही."

"बरं. ताट परत. पुढची."